वाचकांचे प्रश्न : उबुंटू काढायचं, विंडोज राखायचं

एकाच कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, बहुधा विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार), आणि त्यातली एक आता नकोशी झालेली. या अंकासाठी रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांनी पाठवलेली बरीच पत्रं याच विषयाची निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. स्पेलिंग चुकण्यासारखं असेल तिथे अक्षरं फोडून दिली आहेत.

प्रश्न : मुलगा इंजिनीयरिंगला पुण्याला असतो. जाण्याआधी त्याने घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला उबुंटू टाकलं. आता त्यावर फक्त आंब्याच्या पेट्यांचे हिशेब आणि बिलं होतात, उबुंटू कुणी उघडत नाही. सुरू करताना दर वेळी यादी येते आणि त्यातून विंडोज निवडावं लागतं. उबुंटू काढून ती जागा परत मिळेल का? मुलगा म्हणतो, गणपतीला येईन तेव्हा बघू. — एक बागायतदार, देवगड

गणपतीपर्यंत थांबायची गरज नाही, काम तासाभराचं आहे. मात्र पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) पुसणं ही यातली नंतरची पायरी, आणि बहुतेक लोक सुरुवात तिथूनच करतात. ती यादी दाखवणारा ग्रब नावाचा छोटा प्रोग्रॅम उबुंटूबरोबर येतो आणि त्याच्या बऱ्याचशा फायली उबुंटूच्याच पार्टिशनमध्ये असतात. पार्टिशन आधी उडवलं, तर ग्रबचा राहू होतो: धड गेलं, डोकं तेवढं शिल्लक. मग उबुंटू तर गेलंच, विंडोजही उघडत नाही. म्हणून आधी ग्रबशिवाय कॉम्प्युटर सुरू होतो याची खात्री करायची, पुसायचं मग.

पहिलं काम मुलाला फोन. उबुंटूमध्ये त्याचे प्रोजेक्ट, फोटो, काही राहिलंय का ते विचारा. उबुंटूचं पार्टिशन ईएक्सटी-४ पद्धतीचं असतं, ते विंडोजला वाचता येत नाही. त्यामुळे कॉपी करायची ती उबुंटू उघडूनच, पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकसंध फाइल त्यावर बसत नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

उबुंटू उघडलंच आहे तर तिथला ‘डिस्क्स’ हा प्रोग्रॅमही उघडा आणि कोणतं पार्टिशन किती जीबीचं, ते कागदावर उतरवून घ्या. ईएक्सटी-४ आणि स्वॅप असं ज्यांच्यासमोर लिहिलेलं असेल ती उबुंटूची. इथे एक गफलत हमखास होते. उबुंटू १००० च्या हिशेबाने जीबी मोजतं, विंडोज १०२४ च्या. उबुंटूत १०७ जीबी दिसणारं पार्टिशन विंडोजमध्ये १०० जीबी दिसेल. आकडा जुळत नाही म्हणून घाबरू नका, आणि जुळतोय म्हणून भलत्यावर क्लिकही करू नका. डावीकडून उजवीकडे कितवं आहे तेही लिहून ठेवा.

आता विंडोजमध्ये या. विंडोज की आणि आर एकदम दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा आणि उजवीकडच्या यादीत ‘बायोस मोड’ पाहा. तिथे ‘यूईएफआय’ (कॉम्प्युटर सुरू होण्याची नवी पद्धत) असेल तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू. ‘लेगसी’ (जुनी पद्धत) असेल तर गुहागरच्या पत्राचं उत्तर आधी वाचा.

विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसलं, तर आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या. सुरू होण्याचा क्रम बदलला की बिटलॉकर (हे कुलूप सांभाळणारा विंडोजचा प्रोग्रॅम) ती की मागू शकतो, आणि त्या क्षणी ती शोधत बसायची वेळ येऊ नये. प्रो आवृत्तीत कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकरचं ‘सस्पेंड प्रोटेक्शन’ करून ठेवलं तरी चालतं.

मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) जा; विंडोज उघडण्याआधी ठरलेली की दाबावी लागते. बहुतेक कंपन्यांत एफ२, एचपीत एफ१०, बऱ्याच डेस्कटॉपवर डिलीट. बूटच्या पानावर ‘उबुंटू’ पहिल्या क्रमांकावर असेल. त्याच्या जागी ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणा, सेव्ह करा, बाहेर पडा. कॉम्प्युटर यादी न दाखवता थेट विंडोजमध्ये आला पाहिजे. एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करून बघा. थेट विंडोज येत नसेल तर इथेच थांबा, पुढे जाऊ नका. अजून काहीच बिघडलेलं नाही.

आता पुसायचं. विंडोज की आणि एक्स दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. खालच्या पट्टीत उबुंटूची पार्टिशनं अक्षर नसलेली दिसतील: सी नाही, डी नाही, फाइल सिस्टिमची जागा कोरी. कागदावरच्या आकड्यांशी ताडून एकेकावर राइट क्लिक, ‘डिलीट व्हॉल्यूम’. अक्षर नसलेली आणखी दोन पार्टिशनं तिथे असतात, त्यांना हात लावायचा नाही. एक ‘ईएफआय सिस्टिम पार्टिशन’, साधारण १०० ते ३०० एमबीचं. विंडोज सुरू करणाऱ्या फायली त्यातच असतात. दुसरं ‘रिकव्हरी’, बहुधा ५०० एमबी ते १ जीबीच्या आसपास. पुसून झालं की काळ्या पट्टीखाली ‘अनअलोकेटेड’ दिसेल. सीच्या लगेच उजवीकडे ती जागा असेल तर सीवर राइट क्लिक करून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’. नसेल तर मालवणच्या पत्राकडे वळा.

उरलं ग्रबचं डोकं. ते ईएफआय पार्टिशनमध्ये उबुंटू नावाच्या फोल्डरात आहे. राहू दिलं तरी अडत नाही, पण कधी बायोस रीसेट झाला की ग्रब पुन्हा पहिल्या क्रमांकावर येऊन बसायला मोकळा, म्हणून काढलेलं बरं. ‘कमांड प्रॉम्प्ट’ अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. ‘माउंटव्हॉल एस: /एस’ लिहून एंटर (शब्द एम-ओ-यू-एन-टी-व्ही-ओ-एल). मग ‘एस:’, मग ‘सीडी ईएफआय’, मग ‘डीआयआर’. बूट, मायक्रोसॉफ्ट, उबुंटू अशी नावं दिसतील, कदाचित कॉम्प्युटर कंपनीच्या नावाचंही फोल्डर असेल. ‘आरडी /एस उबुंटू’ दिलं की खात्री विचारेल, वाय दाबा. बाकीची फोल्डरं तशीच ठेवा. त्यानंतर ‘बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर’ दिलं की बायोसमधल्या नोंदी दिसतात (ई-एन-यू-एम). ज्या नोंदीच्या वर्णनात उबुंटू आहे तिचा महिरपी कंसातला लांबलचक आयडी कॉपी करा आणि ‘बीसीडीएडिट /डिलीट’पुढे कंसासकट चिकटवा. हे पॉवरशेलमध्ये केलं तर महिरपी कंसाचा तिथे वेगळाच अर्थ लागतो आणि आज्ञा चुकते. साधा कमांड प्रॉम्प्टच वापरा.

प्रश्न : डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट केलं. आता काळा पडदा, वर ‘एरर: नो सच पार्टिशन’ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’. विंडोजमधला सगळा डेटा गेला का? — एक वाचक, गुहागर

डेटा जागेवर आहे. तिथपर्यंत जायचा रस्ता तेवढा मोडलाय. ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती कॉम्प्युटर देऊ नका.

पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ आहे, म्हणजे तुमचा कॉम्प्युटर बहुधा जुन्या, लेगसी पद्धतीने सुरू होतो. त्यात डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे एमबीआरमध्ये, ग्रबचा तुकडा बसलेला असतो आणि तो आता नसलेलं पार्टिशन शोधतोय. तिथे विंडोजचा तुकडा परत बसवायचा. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज इन्स्टॉलर बनवा (पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं). आपल्या कॉम्प्युटरला तो लावून बूट मेनूतून तो निवडा. डेल, लेनोव्हो आणि एसरमध्ये बहुधा एफ१२, एचपीत एफ९. निळसर पडद्यावर भाषा विचारली की काहीही इन्स्टॉल न करता शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. लॅपटॉपवर कधी एफएनही सोबत दाबावं लागतं. तिथे ‘बूटरेक /फिक्सएमबीआर’ (बी-ओ-ओ-टी-आर-ई-सी). ही आज्ञा सुरुवातीचा कोड तेवढा बदलते, पार्टिशनांच्या तक्त्याला हात लावत नाही. पेन ड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा. ज्यांनी अजून पुसलेलं नाही अशा लेगसीवाल्यांनी हीच आज्ञा पुसण्याच्या आधी चालवायची.

पडद्यावर नुसतं ‘ग्रब’ आणि पुढे बाणासारखी खूण असेल तर कॉम्प्युटर यूईएफआय आहे आणि काम सोपं: ‘एक्झिट’ लिहून एंटर, किंवा बूट मेनूतून ‘विंडोज बूट मॅनेजर’. यूईएफआयवर ‘फिक्सएमबीआर’चा काही उपयोग नाही, आणि ‘फिक्सबूट’ बहुतेक वेळा ‘अॅक्सेस इज डिनाइड’ म्हणून परत पाठवतं.

लेगसीत आणखी एक भानगड. लिनक्सची पार्टिशनं पुष्कळदा ‘एक्स्टेंडेड’ पार्टिशनच्या पोटात असतात, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती हिरव्या चौकटीत दिसतात. पुसल्यावर जागा काळी न होता फिकट हिरवी ‘फ्री स्पेस’ होते आणि सी ती घेत नाही. हिरव्या चौकटीत दुसरं काहीच उरलं नसेल तर त्या फ्री स्पेसवर पुन्हा एकदा डिलीट द्या, मग ती अनअलोकेटेड होईल. पण तुमचा डी ड्राइव्ह त्याच चौकटीत असेल तर चौकट तशीच राहू द्या.

प्रश्न : होमस्टेच्या बुकिंगचा कॉम्प्युटर आहे. उबुंटू काढलं, ८० जीबी जागा मोकळी झाली, पण सीवरचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ फिकट दिसतं, दाबलं जात नाही. — एक वाचक, मालवण

एक्स्टेंड व्हॉल्यूमला मोकळी जागा सीच्या अगदी उजव्या हाताला, खेटून लागते. डावीकडची चालत नाही आणि मध्ये एक एमबीचंही पार्टिशन चालत नाही. उबुंटूसाठी जागा डीमधून काढलेली असेल, तर मोकळी जागा डीच्या शेजारी आहे. ती डीला द्या आणि विषय संपवा.

सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं आलेलं असेल तर दोन वाटा आहेत. एक, रिकव्हरी काढणे: अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी /डिसेबल’ (आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी), मग डिस्कपार्ट या विंडोजच्याच प्रोग्रॅममध्ये ते पार्टिशन निवडून ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’, सी वाढवायचा, आणि शेवटी ‘रीएजंटसी /एनेबल’. डिस्कपार्ट खात्री विचारत नाही. निवडताना आकडा चुकला की चुकला. दुसरी, उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरच्या जीपार्टेड या पार्टिशन हलवणाऱ्या प्रोग्रॅमने रिकव्हरी पार्टिशन उजवीकडे सरकवणे. काही शे एमबीचं असल्यामुळे ते लवकर होतं.

भीती आहे ती मोठं पार्टिशन सरकवण्याची. पार्टिशनची सुरुवात हलली की आतला सगळा डेटा एका जागेवरून दुसऱ्या जागी कॉपी होतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर २००-३०० जीबीला काही तास सहज जातात. त्यात मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा इकडे, अर्धा तिकडे, आणि तो परत जुळवून देणारं बटण नाही. पावसाळ्यात किनारपट्टीवर विजेचा काय भरवसा, ते मालवणात राहणाऱ्याला सांगायला नको. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून चार्जर लावून ठेवा. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर असेल तर त्याचं बटण ‘इको’वर आहे की ‘यूपीएस’वर ते बघा, इकोवर वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो आणि कॉम्प्युटर तेवढ्यात रीस्टार्ट होतो. पंखा फिरत राहिला म्हणजे कॉम्प्युटरही चालू राहील असं समजू नका.

आमचं मत विचाराल तर सीचा हट्ट सोडा. मोकळ्या जागेवर राइट क्लिक, ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’, एनटीएफएस, अक्षर द्या, दोन मिनिटांत नवा ड्राइव्ह तयार. मग ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘लोकेशन’वरून ‘मूव्ह’ करून ते नव्या ड्राइव्हवर न्या. पाहुण्यांच्या ओळखपत्रांचे स्कॅन आणि खोल्यांचे फोटो सीवरून हलले की सी आपोआप मोकळा होतो.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, चालतंही, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्याचं पार्टिशन कुठेच दिसत नाही. — एक विद्यार्थिनी, अलिबाग

सुरू करताना यादी येत नसेल आणि उबुंटू विंडोजच्या आतच खिडकीत उघडत असेल, तर ते डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स आहे. त्याला पार्टिशन नसतंच, सीवरची एक मोठी फाइल असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डब्ल्यूएसएल --लिस्ट’ दिल्यावर दिसणारं नाव ‘डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर’पुढे लिहा. आतला अभ्यास न विचारता जातो, आधी कॉपी करून घ्या.

प्रश्न : छपाईच्या दुकानातल्या डेस्कटॉपवर जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज ७ आणि नंतर घातलेल्या एसएसडीवर विंडोज १० आहे. जुनी डिस्क फॉरमॅट करून फक्त फायलींसाठी वापरायची आहे. — एक वाचक, चिपळूण

दोन विंडोज म्हणजे लिनक्सपेक्षा सोपं, असं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. एसएसडीवर विंडोज १० टाकताना जुनी डिस्क जोडलेली होती का? असेल तर इन्स्टॉलरने सुरू करणाऱ्या फायली बहुधा जुन्या डिस्कवरच ठेवल्या असतील. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जुन्या डिस्कच्या एखाद्या पार्टिशनवर ‘सिस्टिम’ लिहिलंय का बघा. मायक्रोसॉफ्टची उलटी पद्धत अशी, की सुरू करणाऱ्या फायली असतात ते ‘सिस्टिम’ आणि प्रत्यक्ष विंडोज असतं ते ‘बूट’. ‘सिस्टिम’ जुन्या डिस्कवर असताना ती फॉरमॅट केलीत तर दुकान त्या दिवशी बंदच.

कॉम्प्युटर लेगसी आणि एसएसडी एमबीआर पद्धतीची असेल तर: विंडोज १० मध्ये अॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमधून ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस’ चालवा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर राइट क्लिक करून ‘मार्क पार्टिशन अॅज अॅक्टिव्ह’. बायोसमध्ये एसएसडी पहिली करा. मग कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, जुन्या डिस्कची साटा केबल उपसा आणि नुसत्या एसएसडीवर सुरू होतो का बघा. झाला तर केबल परत लावा, खुशाल फॉरमॅट करा, आणि ‘एमएसकॉन्फिग’च्या बूट टॅबवर विंडोज ७ ची नोंद उरली असेल तर काढा. नाही झाला तर केबल लावून बायोसमधला क्रम पूर्ववत करा. जुन्या डिस्कवरचं काहीच आपण अजून पुसलेलं नाही. केबल उपसून बघण्याची पायरी कुणी कितीही अनुभवी असला तरी गाळू नये.

प्रश्न : माझं उलटं आहे. विंडोज १० चा सपोर्ट संपला, नवं विंडोज या जुन्या कॉम्प्युटरवर बसत नाही. उबुंटू ठेवून विंडोज काढायचं आहे. — एक शिक्षिका, वेंगुर्ला

सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विचार योग्यच. आधी बघा: टॅली, श्रीलिपीतल्या जुन्या प्रश्नपत्रिका, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन यांपैकी काही लागतं का? ही मंडळी विंडोजच्या भरवशावर असतात. काहीच लागत नसेल तर उबुंटूमधूनच ‘डिस्क्स’ उघडून विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन ईएक्सटी-४ मध्ये फॉरमॅट करा. ईएफआय पार्टिशनला मात्र हात नको, उबुंटूही तिथूनच सुरू होतं. त्यानंतर टर्मिनलमध्ये ‘सुडो अपडेट-ग्रब’, म्हणजे सुरुवातीची यादी नव्याने तयार होईल.

विंडोजचा ड्राइव्ह उबुंटू सुरू होतानाच जोडला जावा अशी सोय पूर्वी केलेली असेल, तर ‘ईटीसी’मधल्या ‘एफएसटॅब’ फाइलमधली ती ओळ आधी काढा. नाहीतर उबुंटू नसलेल्या ड्राइव्हची दीड मिनिट वाट बघतं आणि मग ‘इमर्जन्सी मोड’चा पडदा दाखवतं. मोकळी झालेली जागा बहुधा उबुंटूच्या डावीकडे असेल. ती मूळ पार्टिशनला जोडण्यासाठी सगळं सरकवत बसू नका, वेगळा डेटा ड्राइव्ह म्हणून वापरा.

प्रश्न : लिनक्स काढल्यापासून विंडोजचं घड्याळ मागे पडतं. — एक वाचक, दापोली

बरोबर साडेपाच तास मागे असेल तर ते लिनक्सचं उरलेलं देणं. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. ‘डेट अँड टाइम’मध्ये ‘सिंक नाउ’ एकदा दाबा, परत होणार नाही.

प्लग काढून ठेवल्यावर दर वेळी वेळ आणि तारीख जुन्या सालात जात असेल तर लिनक्सचा संबंध नाही, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. ३ व्होल्टचा, रुपयाच्या नाण्याएवढा, घड्याळजीकडेही मिळतो. अधिकची बाजू वर ठेवून बसवा. समुद्राजवळच्या घरात सेलच्या पकडीवर हिरवट थर धरलेला असू शकतो, तो कोरड्या ब्रशने साफ करा. बदलण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण सेल निघाला की सेटिंग मूळपदावर जाऊ शकतं. साटा मोड (कॉम्प्युटरने डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून दुसऱ्यावर गेला तर विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो. तो पार्टिशन पुसल्यामुळे आला असं समजून पुन्हा विंडोज टाकायला धावू नका. फोटोत बघा आणि मोड परत तोच ठेवा.